डाव्या पानावर लिहिलेलं, उजव्या पानावर ऐकलेलं

दादा, स. न. वि. वि.

नाव घालू नका असं तुम्ही बजावलं होतं. “नाव आलं की लोक रात्री बाराला फोन करत्यात, ताई.” म्हणून नाव घालत नाही. पण पत्र लिहायचं नाही असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.

ही सहल खरं तर तुमच्यासोबत व्हायचीच नव्हती. एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे आम्ही तिघींनी, म्हणजे मी, आई आणि मावशीनं, महिनाभर आधी पैसे भरले होते. आदल्या दिवशी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, गाडी भरली नाही, सहल रद्द. पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. तो आठवडा अजून उगवायचाय. आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली. त्यात तिनं छत्री, औषधं आणि का कोण जाणे, लाल पेनसुद्धा टाकलं होतं. मावसभावानं तुमचा नंबर दिला, साताऱ्याचे गाडीवाले दादा म्हणून. दहाला मी फोन केला, तेव्हा तुम्ही पैशाचं काहीच विचारलं नाही. विचारलंत ते एवढंच, “आईस्नी किती पायऱ्या जमत्यात?”

दादा, हा प्रश्न त्या ट्रॅव्हल्सवाल्यानं महिनाभरात एकदाही विचारला नव्हता.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. आई शहात्तर वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं तेहतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं चौथीला. चौथीला म्हणजे शिवाजी महाराज. पोरांपुढं तिनं किती वेळा गड चढले असतील, पण प्रत्यक्षात सांगलीहून साताऱ्यापर्यंत येऊन तिनं काही पाहिलेलं नव्हतं. आधी आम्ही लहान, मग सासूबाई अंथरुणाला, मग मिरजेत दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं. त्यामुळे पाच दिवस सातारा-वाई-औंध हे तिच्यासाठी साधं फिरणं नव्हतंच.

कोयना एक्स्प्रेसनं आम्ही साताऱ्याला उतरलो. स्टेशन गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला. आधी लॉजवर जाऊन पडू असं माझं चाललं होतं. तुम्ही म्हणालात, “आलाच हाय तर थोरल्या शाहू महाराजांस्नी भेटून मगच गावात जावा.” आणि गाडी थेट संगम माहुलीला, शिवाजी महाराजांच्या या नातवाच्या समाधीकडं.

तिथं पहिल्यांदा ते स्टूल बघितलं. निळं, प्लास्टिकचं, कुठल्याही वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, थांब्यावरल्या टपरीवर असतं तसं. पण चारी पायांना ट्यूबचं रबर कापून, दोरा गुंडाळून घट्ट बसवलेलं. घाटाच्या गुळगुळीत दगडावर ते तसूभर हललं नाही. चार पायऱ्या उतरायच्या, स्टूल टेकायचं, आईनं बसायचं, तुम्ही पाण्याची बाटली पुढं करायची, मग पुन्हा चार पायऱ्या. कृष्णा आणि वेण्णेचा संगम आईनं अशा हप्त्याहप्त्यानं गाठला. पाण्याकडं बघत तिथं बराच वेळ बसली आणि म्हणाली, “हेच पाणी आपल्या आयर्विन पुलाखालनं जातं.” आम्हा सांगलीकरांना कृष्णा म्हटलं की आधी फूट आठवतात. पूल किती फुटांवर, इशारा किती, धोका किती. नदीकडं नुसतं बघत बसायचं हे आम्ही कधी करत नाही.

मग खंड्याची समाधी. शाहू महाराजांचा कुत्रा. आईनं लगेच सुरुवात केली, शिकारीत वाघ आला आणि खंड्यानं महाराजांना वाचवलं. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि मग हळूच म्हणालात, “बाई, समाधी डोळ्यापुढं हाय. वाघाचं मात्र ऐकलेलं.”

मला वाटलं आता आई चिडणार. तिची गोष्ट मध्ये तोडलेली तिला चालत नाही. पण तिनं विचारलं, “म्हणजे तुम्ही वेगळं वेगळं ठेवता?” आणि तुम्ही गाडीतनं ती वही काढलीत.

दोनशे पानी, पुठ्ठ्याची, डिझेलचा वास लागलेली. डाव्या पानावर लिहिलेलं, उजव्या पानावर ऐकलेलं. शिलालेखावर, गॅझेटियरात किंवा कुणा जाणत्यानं छापलेल्या पुस्तकात सापडलं तर डावीकडं. गाईड, गुरव, गावातले म्हातारे, गाडीत बसलेली माणसं यांच्याकडचं सगळं उजवीकडं. उजवीकडची पानं जास्त भरलेली, हे सांगायला नको. आणि तुम्ही ती खोटी म्हणून खोडली नव्हती, हे मला फार आवडलं. काही ठिकाणी उजवीकडून डावीकडं बाण ओढलेले. “ह्याचा पुरावा मिळाला, बढती दिली,” म्हणालात.

दुसऱ्या दिवशी अजिंक्यतारा. गाडी बरीच वर जाते म्हणून आई निर्धास्त होती. दरवाज्याच्या सावलीत स्टूल टाकून तुम्ही वेढा सांगितलात. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाची फौज खाली येऊन बसली, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी सुरुंग लावले, त्यातला एक त्यांच्याच माणसांवर उलटला. १७०० च्या एप्रिलात गड गेला, नाव पडलं आझमतारा. मग ताराराणींनी परत घेतला तो अजिंक्यतारा. आणि १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात. “डावं पान,” तुम्ही म्हणालात. “डावं पान,” आईनं मान डोलावली. मावशी मात्र उन्हानं वैतागून गाडीत जाऊन बसली होती. एसी लावायला तुमचा जीव होत नव्हता, एवढी एक तक्रार तिची आहे, तीही इथं नोंदवते.

लिंबची बारा मोटेची विहीर त्याच दिवशी दुपारी पाहिली. खरं सांगायचं तर हे पत्र मी त्या विहिरीसाठीच लिहितेय.

विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही विहीर. अष्टकोनी, वरून पाहिली की शिवलिंगासारखी. आत दगडी जिना, मधे चक्क एक छोटा महाल. आईला जिना उतरणं शक्य नव्हतं, तिनं ते आधीच मान्य केलं होतं. मी आणि मावशी आत उतरलो, कोरीव काम पाहिलं, फोटो काढले. वर आलो तर आई काठाजवळ स्टुलावर बसलेली आणि तुम्ही विहिरीच्या कडेनं एकटेच फिरताय. एका जागी थांबलात, पायाशी खडा ठेवलात, हात वर केलात. आई ओरडली, “सात!” पुढं गेलात, पुन्हा खडा, पुन्हा हात. “आठ!”

तुम्ही तिला सांगितलं होतं म्हणे, विहिरीचं नाव बारा मोटेची, पण बैलांनी पाणी ओढायच्या मोटा लावायच्या जागा किती त्या तुम्हीच मोजा. तिला फिरता येत नव्हतं, म्हणून तिच्याऐवजी तुम्ही फिरत होता. बारा झाल्यावरही तुम्ही थांबला नाहीत. आईचा आवाज चढत गेला. तेरा. चौदा. पंधरा! मग तुम्ही परत आलात आणि काहीच बोलला नाहीत. एखाद्या गाईडनं पंधराचा आकडा पहिल्या मिनिटाला सांगून टाकला असता आणि पुढच्या गाडीकडं पळाला असता. शहात्तर वर्षांच्या बाईला तो स्वतः सापडू द्यायला तुम्ही भर उन्हात अख्ख्या विहिरीला फेरा मारलात.

परतताना आई गाडीत गप्प होती. मग म्हणाली, “पोरांना मी सगळी उत्तरंच सांगत आले.” तुम्ही आरशातनं बघितलंत आणि म्हणालात, “तुमाला चाळीस पोरं अन् पस्तीस मिन्टं, बाई. मला एकच विहीर.”

तिसऱ्या दिवशी वाई. ढोल्या गणपतीला हात जोडून झाल्यावर तुम्ही आम्हाला देवळाच्या मागं नेलंत. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी फुटून दोन बाजूंना जावं म्हणून. २०१९ ला आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर पाणी होतं. आईनं त्या भिंतीवर हात ठेवला आणि “ह्यांना कळत होतं,” एवढंच म्हणाली.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा पाहून आम्ही घाटावर उतरलो. तिथली ती मोठी घंटा, १७३९ ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यावर आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि साल १७०७. साल ऐकताच आई ताठ बसली. “औरंगजेब गेला ते वर्ष! शाहू महाराज सुटले ते वर्ष!” मोगलांची कैद १६८९ पासूनची, म्हणजे अठरा वर्षं, हे तिनं तिथल्या तिथं तुम्हाला करून दाखवलं. इतक्या वेळा मेणवलीला येऊन हे दोन्ही १७०७ शेजारी ठेवायचं तुम्हाला सुचलं नव्हतं, असं तुम्ही मोकळेपणानं म्हणालात आणि वही पुढं केलीत. “तुमच्या हातानंच लिवा.”

लाल पेन कशाला आणलं होतं ते तेव्हा कळलं.

सज्जनगडाला आई खालीच राहिली. आम्ही समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन उतरलो तर बॉनेट टेबल झालेलं, आई स्टुलावर, तुम्ही शेजारी उभे, आणि वहीतले ऱ्हस्व-दीर्घ लाल होत चाललेले. “‘शिलालेख’ला पहिली वेलांटी, किती वेळा सांगायचं?” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही “व्हय बाई” म्हणालात.

औंधाबद्दल थोडकंच. पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं संग्रहालय आई-मावशींनी कंटाळा न करता पाहिलं, राजा रविवर्म्याच्या चित्रांसमोर मावशीची एसीची तक्रारसुद्धा विरली. तिथून तुम्ही आम्हाला थेट सांगलीत दारात आणून सोडलंत. ठरल्यापेक्षा जास्त दिलेले पैसे परत केलेत, भडंगाचं पाकीट मात्र घेतलंत.

आता इकडची खबर. आईनं दोनशे पानी वही आणवली आहे. डाव्या पानावर पहिली नोंद, “१८०१, चिंतामणराव पटवर्धन, सांगली संस्थान मिरजेपासून वेगळे.” उजव्या पानावर, “सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली.” जिना उतरून रोज शेजारच्या आजोबांना गाठते आणि कुठनं कळलं, कुणी सांगितलं म्हणून हैराण करते. ते मला जाब विचारतात, मी तुमच्याकडं बोट दाखवते.

एकदा वहिनींना घेऊन इकडं या. गणपती मंदिर, राजवाडा, मिरजेचा दर्गा, सगळं आई दाखवणार म्हणते. स्टूल डिकीत असू द्या. आणि जमलं तर पावसाच्या आधी या, नंतर आयर्विनची पातळी विचारून निघावं लागतं.

तुमची,
सांगलीची ताई

ता. क. ‘शिलालेख’ सुधारलंत का, असं बाईंनी विचारलंय.