साठ दिवसांची मुदत

एडिसन, न्यू जर्सी
२४ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथेत नेमके काय म्हणावे लागते. मी ते वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवले आणि बाबांनी काही न बोलता फोन आईकडे दिला. आईने थंडी किती आहे आणि तिळगूळ पोहोचला का, एवढेच विचारले. तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. फोनवर मला रडू येते आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

शपथ पुढच्या महिन्यात आहे. अर्ज भरला तेव्हाच तुम्हाला सांगायला हवे होते, हे मला कळते. बाबांची बायपास नुकतीच झाली होती आणि आत्ता नको, आत्ता नको, असे मी स्वतःला समजावत राहिले. त्या वेळी मी पाच महिने तुमच्याजवळ राहिले आणि बाबा अजून काठी घेऊन अंगणात चालत होते तेव्हाच परत निघाले. ग्रीन कार्डावर फार काळ बाहेर राहिले, तर ते हातचे जाण्याची भीती असते, म्हणून निघावे लागले. नागरिकत्व घेतले, की ही भीती उरत नाही. तुम्हाला गरज पडली, तर मी वर्षभरही साताऱ्यात राहू शकेन. खरे कारण हेच आहे आणि ते मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

पण बाबा, तुम्ही गप्प झालात ते कारण न पटल्यामुळे नव्हे. तुमच्या डोळ्यांसमोर आजोबांचा, अप्पांचा, येरवड्याच्या तुरुंगातला माफीचा कागद उभा राहिला असणार. त्या कागदावर सही केली असती, तर अप्पा गणपतीला घरी आले असते. ती त्यांनी केली नाही आणि आजीने ते चौदा महिने कसे काढले, हे आपल्या घरात कोणी कोणाला सांगावे लागत नाही. अशा घरातली मुलगी उजवा हात वर करून आजवरच्या निष्ठेचा त्याग केल्याचे म्हणणार, हे तुम्हाला सोसवले नाही. याचे उत्तर मला त्याच जातीच्या कागदांतून द्यायचे आहे, कारण गेली दोन वर्षे मी शनिवारी इथल्या एका इतिहाससंग्रहात तेच वाचते आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज सरकारने बंडखोर वसाहतींसाठी काढलेले जाहीरनामे. जाड कागदाच्या एकाच बाजूला छापलेले, वर अधिकाऱ्याच्या पदव्यांची लांबलचक माळ आणि शेवटी ‘देव राजाचे रक्षण करो’.

त्यांतला बोस्टनचा जाहीरनामा १२ जून १७७५ चा आहे. इंग्रजांचा सेनापती जनरल गेज याने त्यात लष्करी कायदा पुकारला आणि शस्त्र खाली ठेवून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला माफी देऊ केली. सॅम्युएल ॲडम्स आणि जॉन हॅनकॉक या दोघा पुढाऱ्यांना मात्र ती नव्हती. पाचच दिवसांनी बंकर हिलची लढाई झाली. ऑगस्टमध्ये खुद्द तिसऱ्या जॉर्ज राजाने वसाहतींत उघड बंड झाल्याचे जाहीर केले आणि काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, समेटासाठी पाठवलेला अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. हे तुम्ही वर्गात शिकवलेले आहे, म्हणून लांबण लावत नाही.

मला तुम्हाला सांगायचा आहे तो जाहीरनामा ३० नोव्हेंबर १७७६ चा, हाऊ बंधूंचा. एक भाऊ आरमाराचा प्रमुख होता आणि दुसरा सैन्याचा. न्यूयॉर्क पडले होते, बंडखोरांचा सेनापती वॉशिंग्टन याची फौज याच न्यू जर्सीतून, आमच्या घराजवळची रॅरिटन नदी ओलांडून, मागे हटत होती, आणि शेतकरी दारात उभे राहून ते पाहत होते. अशा वेळी हाऊ बंधूंनी साठ दिवसांची मुदत दिली. अधिकाऱ्यासमोर यायचे, राजाच्या आज्ञेत शांततेने राहीन आणि त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, एवढे लिहून द्यायचे, की पूर्ण माफी आणि संरक्षणाचा कागद मिळणार होता. या प्रांतातल्या हजारो माणसांनी तसे लिहून दिले. त्यांच्यात भित्री माणसे असतील, मनापासून राजनिष्ठ असलेलीही असतील, पण बहुतेकांच्या घरी म्हातारे आई-वडील, गोठ्यात जनावरे आणि कोठारात वर्षाचे धान्य असणार, हे मला त्यांच्या बाजूने तुम्हाला सांगावेसे वाटते.

पुढे जे झाले, ते वाचताना माझा जीव तुटतो. इंग्रजी आणि त्यांच्या भाडोत्री जर्मन शिपायांनी हे कागद जुमानले नाहीत. जर्मन शिपायांना तर इंग्रजी वाचताही येत नव्हते. संरक्षणाचा कागद हातात धरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याची गुरे हाकलून नेली गेली. ट्रेंटन आणि प्रिन्स्टन इथे जिंकल्यावर, २५ जानेवारी १७७७ रोजी, मॉरिसटाउनहून वॉशिंग्टननेही जाहीरनामा काढला, की इंग्रजांचे कागद परत करा आणि तीस दिवसांत आमच्याशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर शत्रूच्या हद्दीत निघून जा. त्यावर काँग्रेसमधले या प्रांताचेच प्रतिनिधी अब्राहम क्लार्क यांनी आक्षेप घेतला होता. दोन महिन्यांच्या आत त्याच उंबरठ्यावर दोन सरकारांनी दोन शपथा मागितल्या, आणि मधल्या काळात घर लुटले गेले ते गेलेच.

बाबा, साठ दिवस हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तुमची निळी वही आठवली, जिच्यात तुम्ही साताऱ्याचा जाहीरनामा उतरवून ठेवला आहे. अजिंक्यतारा १० फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांच्या हाती गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा अधिकारी एल्फिन्स्टन याने तो काढला. वतने, इनामे, वर्षासने (दरवर्षी मिळणाऱ्या नेमणुका) आणि देवस्थाने सांभाळली जातील, आणि पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत ती सोडून घरी यावे. तो प्रसंग वेगळा होता, कारण इथली माणसे राजाचीच प्रजा होती आणि आपल्याकडे एक राज्य जिंकले जात होते. तरीही मुदत तीच, आणि घरदार सांभाळून देण्याचे आश्वासनही तेच. तुम्ही मला मांडीवर बसवून त्या वहीतले ‘वर्षासन’ हा शब्द बोट धरून वाचायला लावले होते आणि मी ‘वर्षा’ म्हणजे पाऊस असे सांगितल्यावर माझ्या कपाळाची पापी घेतली होती. मला ते अजून स्वच्छ आठवते.

या कागदांतले सगळेच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये बंडखोरांच्या गुलामांना सांगितले, की इंग्रजांकडे येऊन शस्त्र धरा आणि मुक्त व्हा. त्याला कणव नव्हती, माणसे हवी होती, आणि राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना त्याने वगळलेच. पळून गेलेल्यांतले कितीतरी देवीच्या साथीत मेले. पण पुढे १७७९ मध्ये जनरल क्लिंटननेही तसेच वचन दिले, आणि १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून जहाजे निघाली तेव्हा सुमारे ३,००० कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष-मुलांची नावे, वये आणि पूर्वीच्या मालकांची नावे एका वहीत नोंदली गेली. त्यांतली बहुतेक माणसे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेली. त्यांना तो कागद म्हणजे स्वातंत्र्य होता. कोणी, कोणाला आणि कशाच्या बदल्यात दिला, यावर कागदाची किंमत ठरते, असे मला या वाचनातून वाटू लागले आहे.

आणि एक गोष्ट आहे, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. आमच्यापासून जवळच पर्थ अँबॉय इथे न्यू जर्सीच्या शेवटच्या राजनियुक्त गव्हर्नरचे घर आहे. त्याचे नाव विल्यम फ्रँकलिन, बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. वडील काँग्रेसच्या बाजूला आणि मुलगा राजाच्या. जून १७७६ मध्ये विल्यमला अटक झाली. सप्टेंबरमध्ये त्याच गावातून वडील नावेत बसून, पलीकडच्या स्टेटन बेटावर, लॉर्ड हाऊशी समेटाचे बोलायला गेले आणि काही न ठरता परतले. पुढे कनेक्टिकटमध्ये नजरकैदेत असताना विल्यमने हाऊ बंधूंच्या जाहीरनाम्याप्रमाणे लोकांना माफीचे कागद वाटल्याचे उघड झाले, तेव्हा त्याला लिचफिल्डच्या तुरुंगात एकट्याला कोंडले गेले. १७७७ च्या जुलैमध्ये त्याची बायको न्यूयॉर्कला वारली. तिला भेटायची परवानगी त्याने मागितली होती, ती मिळाली नाही. युद्ध संपल्यावर १७८४ मध्ये त्याने वडिलांना समेटाचे पत्र लिहिले. फ्रँकलिनने उत्तर दिले, पण त्यात लिहिले, की म्हातारपणी एकुलत्या मुलाने साथ सोडावी, याइतके दुःख मला दुसऱ्या कशाचेच झाले नाही. पुढच्या वर्षी साउथॅम्प्टनला ते भेटले, देण्याघेण्याचे हिशेब मिटवले आणि पुन्हा कधी भेटले नाहीत.

बाबा, आपले तसे काही नाही. मी कोणाच्या विरुद्ध उभी राहिलेली नाही. अप्पांपुढे ठेवलेला कागद माफीचा होता आणि त्यांनी न केलेल्या अपराधाची कबुली त्यात मागितली होती. जर्सीच्या शेतकऱ्यांपुढे तोफा होत्या आणि साठ दिवस होते. मला कोणी मुदत दिली नाही, कोणी माझे घर जप्त करणार नाही, आणि मी कशाचीही माफी मागणार नाही. अप्पांनी जे नाकारले ते मी स्वीकारते आहे, असे कृपा करून मानू नका. शपथेतले ते वाक्य जड आहे आणि म्हणताना माझाही आवाज कापेल, हे मात्र तुमच्यापासून लपवत नाही.

आता आईसाठी. आई, माझा भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल, पण परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळाले, की मला येण्याजाण्याला आयुष्यभर व्हिसा लागणार नाही. तिथे मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारसाने आलेली जमीन राहते, तेव्हा विहिरीजवळच्या तुकड्याची काळजी नको. घर इथे उबदार आहे, तू दिलेले मेतकूट मार्चपर्यंत पुरेल आणि मी रोज रात्री वरण-भातच खाते. मे महिन्यात मी येते आहे, तीन महिन्यांसाठी, आणि या वेळी परतीचे तिकीट काढलेले नाही.

तोपर्यंत पुढच्या गोष्टी झाल्याच पाहिजेत. न्हाणीघरातला आधाराचा दांडा याच आठवड्यात बसवून घ्या. बाबांनी रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद करू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. माळ्यावर स्वतः चढायचे नाही. आईने डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलू नये, हवी तर मी आल्यानंतरची घ्या, पण घ्या.

बाबा, निळी वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, शेजारच्या दादाला काढून द्यायला सांगा. एल्फिन्स्टनच्या जाहीरनाम्याचे पान तुमच्या अक्षरात मला पुन्हा वाचायचे आहे, त्याचा फोटो पाठवा. मी इथून हाऊ बंधूंच्या कागदाची प्रत टपालाने पाठवली आहे. शपथेच्या दिवशी इथे सकाळचे नऊ वाजतील तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतील. सभागृहातून बाहेर आले, की मी लगेच फोन करीन. बाबा, त्या दिवशी फोन तुम्हीच उचला.

तुमची,
ताई