बार्शी लाइट आणि ९ मिलिमीटरचे रूळ : परभणीच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींच्या, जुन्या इंजिनांची आणि डब्यांची पेटी घेऊन मी लातूरहून आपल्याकडे आलो, तेव्हा सारे एकाच मापाचे आहे अशी माझी ठाम समजूत होती. कारण प्रत्येक डबा माझ्या १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर बिनतक्रार चालत होता. आपण व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, घेऊन चाकांआधी डब्यांचे दरवाजे मोजलेत. सहा फुटी दरवाजा एच-ओ या मॉडेल मापाच्या १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या, प्रमाणात २१ मिलिमीटर भरतो, तर डबल-ओ या ब्रिटिश मापाच्या १:७६ मध्ये २४. दोन्ही गाड्या त्याच रुळांवर धावतात, पण एकमेकींशेजारी शोभत नाहीत, हे त्या तीन मिलिमीटरांनी मला कायमचे शिकवले.

माझी खरी इच्छा मात्र बार्शी लाइट या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचे मॉडेल उभे करण्याची होती, कारण आजोबा याच गाडीने लातूरहून कुर्डुवाडीला जात. तिच्या रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की ८.७६ येतात, म्हणजे एन स्केल या १:१६० च्या लहान मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ चालतील, हा हिशेब आपण माझ्याच वहीत मांडून दिलात. त्या रुळांचे स्लीपर, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्या, १:१६० साठी केलेले असल्याने बारीक आणि दाट दिसतात, तेव्हा ते खडीत बुजवावेत, हेही आपणच सुचवलेत. आपल्या ब्रॉडगेजला असे नशीब नाही. तिचे १६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये १९.३ होतात आणि तयार १६.५ च्या रुळांवर आपली इंजिने खालून अरुंद दिसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

एन स्केलचे जुने इंजिन नव्या रुळांवर खडखडत होते. त्याच्या चाकांची कड खोल होती आणि कोड ५५ च्या, म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर उंचीच्या, रुळांना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खिळ्यांवर ती आपटत होती. दुकानात मला केवळ ‘गेज तेच आहे’, म्हणजे रुळांतले अंतर तेच आहे, एवढेच सांगितले गेले होते. रुळाची उंची विचारायची असते हे आपल्याकडूनच कळले. आता मी त्याहून उंच, कोड ८० चे रूळ टाकले आहेत आणि ते इंजिन बार्शी लाइटचे डबे ओढत विनाअडथळा फेरी पूर्ण करते.

आपण दिलेले पितळी मापक अजून माझ्याकडेच आहे. संक्रांतीला ते परत आणून देईन, तेव्हा ही गाडीही सोबत असेल.

आपला कृतज्ञ,
लातूरचा विद्यार्थी