टॅनमायचा रस्ता आणि अडलेला ट्रक: नॉर्दर्न टेरिटरीच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, रस्ते व पायाभूत सुविधा,
नॉर्दर्न टेरिटरी, डार्विन

मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवली आहे. मराठीत जाहीरपणे लिहितेय ते आपल्या माणसांनीही वाचावं म्हणून. मध्य ऑस्ट्रेलियात नर्स म्हणून, ड्रायव्हर म्हणून, इंजिनिअर म्हणून आलेली मराठी माणसं अधूनमधून भेटतात. त्यांच्यातल्या कुणाचा तरी या रस्त्याशी रोजचा संबंध असेल, आणि त्यांचाही आवाज या मागणीत यावा अशी माझी इच्छा आहे.

विषय आहे टॅनमाय रोडवर पावसानंतर जड वाहनांना घातली जाणारी बंदी. ती उठवा असं मी म्हणत नाही. ती जिथे हवी तिथेच असावी, हवी तेवढेच दिवस असावी आणि खाण्यापिण्याचा माल आणणाऱ्या गाडीला तिच्यातून वाट असावी, एवढंच मागणं आहे.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अॅलिस स्प्रिंग्जहून स्टुअर्ट हायवेने उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की डाव्या हाताला टॅनमाय रोड फुटतो. तो वायव्येला वाळवंट कापत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीकपर्यंत जातो. लांबी हजार किलोमीटरहून जास्त. अॅलिसकडचा टप्पा डांबरी आहे, पुढचं डांबरीकरण तुकड्यातुकड्यांनी चाललं आहे, उरलेला रस्ता लाल मातीचा. वाटेवरचं मोठं गाव म्हणजे युएन्डुमू, अॅलिसपासून २९० किलोमीटरच्या आसपास, वार्लपिरी या आदिवासी लोकांचं. त्याच्या बरंच पुढे द ग्रॅनाइट्सची सोन्याची खाण, आणि आडवाटेला लहान लहान वस्त्या. रॅबिट फ्लॅटला एक रोडहाऊस (इंधन, खाणं आणि मुक्कामाची जागा) होतं, तेही २०१० च्या अखेरीस बंद झालं. नॉर्दर्न टेरिटरी या आमच्या प्रांताचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून जास्त आणि माणसं सगळी मिळून अडीच लाखांच्या आसपास, एवढं सांगितलं की इथलं अंतर म्हणजे काय हे लक्षात येईल.

यांपैकीच एका वस्तीतलं किराणा दुकान मी चालवते. वस्तीचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते जाहीर करायचं की नाही हे तिथल्या जाणत्या मंडळींनी ठरवायचं आहे, मी नाही. वस्तीत दुसरं दुकान नाही. आठवड्याला एक ट्रक येतो आणि त्यावर सगळं येतं: दूध, पाव, मटण, भाजी, फळं, लहान बाळांची पावडर, डायपर, साबण, गॅसच्या टाक्या, टायर. ज्या आठवड्यात ट्रक येत नाही त्या आठवड्यात यातलं काहीच दुसऱ्या कुठून मिळत नाही.

बंदी का लागते हे मला पक्कं ठाऊक आहे. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. काळ्या जमिनीतल्या पांदणीतून भर पावसात भरलेली बैलगाडी नेली तर पुढचे दोन महिने त्या पांदणीचं काय होतं, हे लहानपणापासून पाहिलेलं आहे. टॅनमायवर तर तीन-तीन ट्रेलर जोडलेली रोड ट्रेन चालते. तिची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते आणि भरल्यावर वजन शंभर टनांच्या वर जातं. भिजलेल्या मातीवरून अशी एक गाडी गेली की खोल चाकोऱ्या पडतात आणि ऊन लागलं की तशाच टणक वाळतात. मग त्यांत रुग्णवाहिकाही अडकते. ग्रेडर येऊन रस्ता सारखा करेपर्यंत कुणालाच धड जाता येत नाही. त्यात वर्षानुवर्षं ग्रेडर फिरवून फिरवून बऱ्याच ठिकाणी रस्ता आजूबाजूच्या रानापेक्षा खाली गेला आहे. पाणी त्यावरून वाहून जात नाही, त्यातच तुंबतं. बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

अडचण पुढे सुरू होते. पाऊस थांबतो, ऊन पडतं, जमिनीला वाफसा यायला लागतो. अशा वेळी आमच्या वाट्याला बहुधा एकच फलक येतो: साडेचार टनांवरच्या वाहनांना मनाई. साडेचार टन म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन आणि माल, दोन्ही मिळून. त्यात लँड क्रूझर बसते. साधा दोन अॅक्सलचा ट्रक बसत नाही, अर्धा भरून आणला तरी नाही. शंभर टनांची रोड ट्रेन आणि दहा टनांचा छोटा ट्रक दोघे एकाच रांगेत उभे राहतात. लँड क्रूझरच्या मागच्या हौद्यात फार तर टनभर माल येतो, आणि तोही बर्फाच्या पेटीत ठेवून. एवढ्यात एका वस्तीचा आठवडा निघत नाही.

शिवाय ही मनाई बऱ्याचदा लांबच्या लांब टप्प्याला सरसकट लागते. प्रत्यक्षात तीनशे किलोमीटरच्या रस्त्यावर ट्रक कुठेही अडत नाही, तो अडतो तीनशे मीटरच्या ओढ्यात. बाकीचा रस्ता कोरडा ठणठणीत असतो. मी हे ऐकून सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात (इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि वळवासारखे जोरदार पाऊसही त्याच दिवसांत) वस्तीतली माणसं आपापल्या गाड्यांनी अॅलिसला जाऊन येत होती. येताना धूळ उडत होती असं सांगत होती. पाणी उरलं होतं ते ओढ्यावरच्या एका फरशीपुलावर, वीतभर. आमचा ट्रक मात्र दूर एका रोडहाऊसच्या आवारात उभा होता. ड्रायव्हर पंजाबचा, कोवळा मुलगा. रीफरचं (ट्रकचा माल थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) इंजिन बंद पडू नये म्हणून तो रात्री उठून डिझेल बघायचा, केबिनमध्येच झोपायचा, आणि रोज सकाळी मला फोन करून एकच विचारायचा, ‘दीदी, आज काही कळलं का?’ मला काहीच कळलेलं नसायचं. रस्ता पुन्हा कधी तपासणार, आज की चार दिवसांनी, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

शेवटी ट्रक आला तेव्हा मागचं दार मीच उघडलं. पालकाची खोकी खालून भिजून फाटली होती आणि हिरवट पाणी फळीवरून पायरीवर ठिबकत होतं. लेट्यूस हातात धरवत नव्हता. केळी काळी पडली होती. टोमॅटोंना आपल्याच वजनाने चिरा गेल्या होत्या. तापमानाची नोंद मी तिथल्या तिथे काढून पाहिली, पहिल्या तासापासून शेवटपर्यंत बरोबर होती. म्हणजे ड्रायव्हरने आपलं काम चोख केलं होतं; भाजी उष्णतेने गेली नाही, उभी राहून राहून गेली. वस्तीतल्या एक आजी फेकायला काढलेल्या खोक्यातून धड सफरचंदं वेचायला बसल्या. मी त्यांना आत येऊन बसा म्हटलं, तर म्हणाल्या, नातवंडांना आधी नेऊन देते.

त्या मालाचे पैसे कुणी भरले? इथली बरीचशी दुकानं वस्तीच्याच संस्थांच्या मालकीची आहेत. नफा झाला तर तो वस्तीचा, तोटा झाला तरी वस्तीचाच. फेकलेल्या पालकाची किंमत पुढच्या महिन्यात साखरेच्या आणि चहाच्या किमतीत चढते.

ट्रक नसतो तेव्हा दुकान रिकामं पडत नाही, हेही सांगायला हवं. मैदा असतो, साखर असते, नूडल्सची पाकिटं असतात, थंड पेयं असतात. टिकणारं सगळं असतं. संपतं ते ताजं. आणि हे घडतं त्या मुलखात, जिथे मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे आणि मधुमेह घरोघरी आहे. पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या चित्रकारांनी २००० साली आपली चित्रं लिलावात विकून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, ती आपल्या माणसांना डायलिसिससाठी गाव सोडून अॅलिसला राहावं लागू नये म्हणून. त्यातून २००४ मध्ये त्या वाळवंटातल्या किन्टोर गावात डायलिसिसचं यंत्र बसलं, आणि पुढे पर्पल हाऊस या नावाने ओळखली जाणारी त्यांची संस्था युएन्डुमूसह अनेक गावांत पोचली. मंत्रिमहोदय, त्या यंत्रांना लागणारं सामान जड असतं आणि तेही याच मातीच्या रस्त्यांनी येतं. लोकांनी चित्रं विकून दवाखाना गावात आणला, त्याची वाट खुली ठेवणं हे काम सरकारचं आहे.

वस्त्यांमधल्या अन्नाच्या टंचाईवर संसदेच्या समितीने २०२० मध्ये चौकशी करून अहवाल दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने जाहीर केलं की दीडशेहून जास्त दुर्गम दुकानांत ३० गरजेच्या वस्तू शहरातल्या भावाने मिळतील. या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करते. पण भाव शहराचा झाला तरी माल रोडहाऊसच्या आवारात उभा असेल तर तो भाव कुणाला मिळणार? योजनेची दुसरी बाजू रस्त्यावर आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

सरकारने मनावर घेतलं की काय होतं हे आम्ही पाहिलेलं आहे. जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात पुराने स्टुअर्ट हायवे आणि रेल्वे तुटली, तेव्हा तिथल्या कूबर पेडी गावाला वायुदलाच्या विमानाने सुमारे २० टन अन्न पोचवलं. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल पुरात गेला. तिथे नदीत तात्पुरता रस्ता बांधून वाहतूक सुरू केली आणि नवा पूल त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ठरल्यापेक्षा कितीतरी महिने आधी उभा राहिला. टॅनमायच्याच परिसरात खाणीच्या विजेसाठी ४४० किलोमीटरची गॅस पाइपलाइन झाली आणि तेवढे डिझेलचे टँकर रस्त्यावरून कमी झाले. राष्ट्रीय महामार्ग तुटला किंवा खाण अडली की मार्ग निघतो. काही शे माणसांच्या वस्तीचा ट्रक अडतो तेव्हाही तो निघायला हवा.

आता मागणं नेमकं सांगते. रस्त्याचे ओढ्या-ओढ्यांप्रमाणे टप्पे पाडा आणि बंदी टप्प्यावर लावा, अख्ख्या रस्त्यावर नको. प्रत्येक बंदीच्या सूचनेत पुढची तपासणी कोणत्या दिवशी, किती वाजता होणार ते लिहा. रस्ता बंदच राहिला तरी चालेल. पण गुरुवारी सकाळी कळणार आहे एवढं माहीत असलं तर मी अॅलिसहून ट्रक गुरुवारपर्यंत भरतच नाही, आणि पालक गोदामात राहतो.

साडेचार टन आणि शंभर टन यांच्यामध्ये एक पायरी हवी. अन्न, औषधं आणि दवाखान्याचं सामान आणणाऱ्या एकट्या, बिनट्रेलरच्या ट्रकला, मर्यादित वजनासह, टायरमधली हवा कमी करून, दिवसाउजेडी, गरज असेल तर ग्रेडरच्या मागोमाग जाऊ द्यावं. परवाना पावसाळ्याआधीच देऊन ठेवा. रस्ता बिघडवला तर परवाना रद्द करा, आम्ही तक्रार करणार नाही. आणि रस्ता ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिला तर विमानाने माल आणायचा खर्च आपोआप मंजूर व्हावा. त्यासाठी दर वेळी अर्ज, मग फोन, मग पुन्हा अर्ज, असं नको. तोवर पाणी ओसरून गेलेलं असतं आणि भुर्दंड दुकानाने सोसलेला असतो.

शेवटचं मागणं पैशाचं आहे, पण नव्या पैशाचं नाही. डांबरीकरणाचं काम चालूच आहे. त्यात सरळ, कोरड्या पट्ट्यांच्या आधी ओढे घ्या. जिथे पाणी साचतं तिथे भराव टाका, फरशी उंच करा, रानापेक्षा खाली गेलेला रस्ता वर उचला. दहा किलोमीटर सपाट डांबराने प्रवासाची काही मिनिटं वाचतात. दोन वाईट ओढे नीट केले तर आठवड्याचा ट्रक वाचतो. कोणते ओढे आधी घ्यायचे हे वार्लपिरी वडीलधाऱ्यांना विचारा. पाणी कुठून येतं आणि किती दिवस थांबतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि माझ्या माहितीत आजवर त्यांना ते कुणी विचारलेलं नाही.

नोव्हेंबरपासून पुन्हा ढग यायला लागतील. त्याआधी एक दिवस युएन्डुमूला बैठक ठेवावी ही विनंती: आपल्या खात्याचे अधिकारी, दुकानं चालवणारी माणसं, दवाखाना, ट्रकवाले आणि गावची मंडळी. फलकावर कोणत्या दिवशी काय होतं, त्या दिवशी रस्ता कुठे ओला होता, ट्रक कुठे उभा होता आणि आल्यावर काय फेकून द्यावं लागलं, याच्या तारीखवार नोंदी माझ्याकडे आहेत. त्या घेऊन मी येईन.

आपली,
टॅनमाय रोडवरच्या एका वस्तीतली दुकान-व्यवस्थापक