डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत, ही बोली आधी बंद करा

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस सरत आलाय, ऑक्टोबर लागला की आपल्या गोव्यात शॅकचं, म्हणजे सीझनपुरत्या हॉटेलांचं, सामान किनाऱ्यावर येऊन पडेल आणि परत तीच भांडणं सुरू होतील. वनखातं म्हणणार शॅकवाले रात्री लाईट बंद करत नाहीत, शॅकवाले म्हणणार आमच्या पोटावर पाय देता, आणि पंचायत दोघांच्या तोंडाकडे बघत बसणार. म्हणून सीझनच्या आधीच लिहितोय.

मोरजी, मांद्रे, आणि खाली काणकोणात आगोंद नि गालजीबाग, इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, २०११ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ह्या चारही किनाऱ्यांची नावं आहेत. एका घरट्यात शंभरएक अंडी, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने, आणि पिल्लू वर आलं की जिकडे उजेड जास्त तिकडे चालायला लागतं. पूर्वी उजेड दर्याच्या बाजूला असायचा, आता शॅकच्या फोकसचा असतो. वनखात्याची माणसं राखण करतात, पण दोन-चार जणांनी अख्खा किनारा कसा सांभाळायचा?

पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांचं तर विचारूच नका. आपल्याकडचा हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याला धरूनच राहणारा, त्यामुळे सापडतो लगेच. सिकेरीला जाऊन बघा, एकाला पाठ दिसली की बाकीच्या होड्या इंजिन फुल करून तिकडेच, तो बुडी मारतो, लांब कुठेतरी वर येतो, की परत सगळे तिकडे वळले, आणि होडीतली पोरं ओरडतायत ती वेगळीच. होडीवाल्याला मी दोष देत नाही हां, डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत अशी बोली एजंटने आधीच केलेली असते, मग इंधन अंगावर पडू नये म्हणून तो पाठलाग करणारच.

खरी गोची अशी की शॅक पर्यटन खात्याकडे, होड्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (बंदर खात्याकडे), कासव वनखात्याकडे, बांधकामं जीसीझेडएमएकडे (गोवा किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे). सगळे एका टेबलाला बसलेत असं कधी दिसत नाही, आणि बसले तरी रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, कोण बोलावतो? पहाटे रापण ओढायला जाणाऱ्यांना वाळूतली कासवाची वाट आधी दिसते, साहेब नंतर येतात.

वरून हुकूम काढून काय होतं ते शेजारी मालवणात बघा, १९८७ ला सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं चालूच राहिला. उलट रत्नागिरीतल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावालाच सोबत घेतलं, पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात, पिल्लं समुद्रात सोडताना बघतात, पैसा गावात राहतो, मग घरटं राखायला कोणाला सांगावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवर तर १९९३ पासून पर्यटकामागे फी लागते, ती टूरवालेच गोळा करतात आणि ती रीफच्या देखभालीला जाते.

आपल्याकडे नवीन कायदासुद्धा नको, २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असायलाच हवी. तिच्या बैठकीला रापणकार, होडीवाले, शॅकवाले, वनखातं सगळ्यांना बोलवा आणि ठरवा, डॉल्फिनच्या एका कळपाजवळ एका वेळी किती होड्या, इंजिन कुठे मंद करायचं, घरट्याजवळचे लाईट किती वाजता बंद, तिकिटातले किती पैसे राखणीला. नियम मोडला तर पुढच्या सीझनचं लायसन नाही. ह्यात राजकारण होईल म्हणणारे भेटतीलच, होईल की, ग्रामसभेत कशाचं होत नाही! पण एजंटच्या बोलीपेक्षा ते परवडलं.

शॅकचे परवाने वाटण्याआधी ही बैठक लावा, ठरलेले नियम परवान्यावरच छापा, आणि बैठकीची तारीख पंचायतीने पेपरातून जाहीर करावी, आम्ही येतो.

एक वाचक, मोरजी (पेडणे)