कोचला तीन सीझन द्या, पण मध्येच कॉन्ट्रॅक्ट वाढवू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या कोचला वेळच देत नाहीत, पब्लिक उतावळं आहे, असं तुमच्या क्रीडा पानावर वाचलं. (हा हेल्मेटवाला फुटबॉल बरं का, आपल्या कोल्हापूरचा नव्हे.) मी काही वर्षं नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये काढलीत, तिथे मॅचच्या शनिवारी सगळं गाव लाल कपड्यात असतं, म्हणून राहवलं नाही.

तिथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा कोच स्कॉट फ्रॉस्ट, त्याला वेळ दिला नाही असं कोण म्हणेल? तिथलाच पोरगा, १९९७ च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक (म्हणजे टीमचा डाव चालवणारा, बॉल फेकणारा प्लेअर), २०१८ च्या सीझनला कोच म्हणून आला तेव्हा कौतुक नुसतं ओसंडून चाललेलं. पहिल्या वर्षी ४-८ (चार जिंकल्या, आठ हरल्या), दुसरं वर्षही रडतखडत चाललेलं, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत वाढवून दिलं, कशासाठी ते देव जाणे! मग सप्टेंबर २०२२ ला जॉर्जिया सदर्नकडून घरच्या ग्राउंडवर ४५-४२ हरले. आमच्या शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये रेडिओवर मॅच ऐकायचे, त्या रात्री मॅच संपल्यावरही रेडिओ तसाच चालू ठेवून खुर्चीत बसून होते, मी हाय केलं तर नुसता हात हलवला. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला नारळ. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आत काढलं तर कोचला भरपाई द्यावी लागते, त्यामुळे त्या नारळाची किंमत साधारण दीड कोटी डॉलर, आणि १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर निम्म्यात भागलं असतं!

व्हर्जिनिया टेक कॉलेजचे कोच फ्रँक बीमर यांचं उदाहरण सगळे देतात. सहाव्या सीझनला, १९९२ मध्ये, २-८-१ (शेवटची एक बरोबरीत), तरी ठेवलं आणि १९९९ च्या सीझनला टीम थेट नॅशनल चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये. खरंय, पण तेव्हा प्लेअर असे कॉलेज बदलत नव्हते, आता २०२१ पासून ट्रान्सफर घेऊन लगेच खेळता येतं. इंडियाना युनिव्हर्सिटीची टीम २०२३ ला ३-९ होती, नवे कोच सिग्नेटी आपल्या जुन्या कॉलेजातले डझनभर प्लेअर घेऊनच आले आणि पहिल्याच वर्षी ११ मॅच जिंकले. सगळ्यांना हे जमणार नाही म्हणून तीन सीझन म्हणतो, सहा नाही. आणि तोवर कॉन्ट्रॅक्टला हात लावायचा नाही. टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीने कोच जिम्बो फिशरचं कॉन्ट्रॅक्ट २०२१ ला वाढवलं, २०२३ ला त्याला काढलं, भरपाईचं देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर.

पब्लिक उतावळं आहेच हो, पण त्या कागदांवर सह्या पब्लिकने केल्या नव्हत्या, तेवढं बातमीत यायला हवं होतं.

आपला,
एक जुना वाचक