रक्कम कमी का झाली, याविषयी

स्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पा व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर आपण विचारले की, दरमहा येणारे चारशे युरो या महिन्यात अडीचशेच कसे आले, आणि मी "नंतर सांगतो" म्हणून विषय टाळला. टाळण्यासारखे त्यात काही नव्हते. परंतु त्या वेळी तिकडे दादा, वहिनी, शेजारचे काका आणि इकडे ही, असे सगळेच मोबाईलसमोर बसलेले होते, आणि घरातला पैशाचा विषय चारचौघांत अर्धवट बोलण्यापेक्षा पूर्ण लिहावा, असे मला वाटले. आईने फोन ठेवता ठेवता "सूनबाईनं हिशोब हातात घेतला काय?" असे हसत विचारले, तेही हिने ऐकले. हे पत्र मी लिहितो आहे आणि ही समोर बसून ते वाचते आहे, हे आधीच सांगून टाकतो. वहिनीने ते आपल्याला सावकाश वाचून दाखवावे.

मूळ गोष्ट ऑक्टोबरातली आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत तेरणा नदीकाठचे आपले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, आणि जे काही हाती लागले त्याला हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर असतानाही आडतीवर ओलाव्याचे कारण सांगून कितीतरी खाली मागितले गेले, हे सगळे आपण भोगले आहे. मी केवळ ऐकले. दादाचा फोन आला की हरभऱ्याचे बियाणे, खत आणि विहिरीवरची वाहून गेलेली मोटार यांसाठी दीड लाख तरी लागतील. मी त्याच रात्री साडेचौदाशे युरो पाठविले. ही तेव्हा छकुलीला झोपवीत होती. सकाळी सांगू, असे मनात होते. सकाळी कामावर जाण्याची घाई झाली, आणि पुढे ते सांगणे राहूनच गेले.

डिसेंबरात घरमालकाचे पत्र आले. येथे भाड्याबरोबरच हीटर, पाणी, जिन्यातला दिवा, कचरा यांपोटी दरमहा अंदाजे रक्कम द्यावी लागते आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब येतो. सालगड्याला वर्षभर उचल देऊन पाडव्याला हिशोब मिटवतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे बाकी निघते ती बहुधा आपल्याच अंगावर. आमच्या अंगावर ६३८ युरो निघाले. त्याच महिन्यात आमच्या गाडीच्या विम्याची वार्षिक रक्कमही डोक्यावर होती, आणि खात्यात पाहावे तर दोन्ही भागतील एवढी शिल्लक नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. येथे रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे बाजारहाटाचे निमित्त सांगून कोणाला घराबाहेर सटकता येत नाही. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मी चौकटीची वही घेऊन बसलो आणि समोर ही मोबाईलमधून खात्यातल्या नोंदी एकेक करून वाचू लागली. ९ ऑक्टोबरची नोंद आली तेव्हा ती थांबली, रक्कम पुन्हा एकदा वाचली, मोबाईल पालथा ठेवला आणि उठून शेगडीवरचे वरण बंद करून आली. परत बसल्यावर तिने एवढेच विचारले, "मी नाही म्हणाले असते, असं वाटलं होतं का?" मला तसे वाटले नव्हते. खरे सांगायचे तर, विचारायचे असते हेच मला सुचले नव्हते. माझ्या पगारातून माझ्या घरी पैसे गेले, त्यात विचारण्यासारखे काय, अशी माझी समजूत होती.

मग तिने आपण होऊन सांगितले की, जूनपासून तीही दरमहा शंभर युरो काढून पाठवीत होती. तिचा भाऊ सेलूहून लातूरला नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी राहिला आहे. त्याच्या खोलीचे भाडे आणि मेस यांपोटी ते जात होते. सेलूचे बाबा लेकीचे पैसे घेत नाहीत, हे आपण जाणताच. लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये, या वळणाचे ते गृहस्थ आहेत. म्हणून ते पैसे त्यांच्या अपरोक्ष भावाच्या खात्यावर जात आणि माझ्या अपरोक्ष हिच्या खात्यातून निघत. एका घरात राहून आम्ही दोघे एकमेकांपासून आपापले माहेर आणि गाव लपवीत होतो, आणि ते लपविताना दोघांनाही आपण भांडण टाळतो आहोत असेच वाटत होते.

आता पुढचा भाग थोडा किचकट आहे; परंतु रक्कम कमी होण्याचे खरे कारण त्यातच आहे, तेव्हा आप्पा, तो नीट ऐकावा. जर्मनीत पगारातून दरमहा कर कापून घेण्यासाठी नवराबायकोला वर्ग निवडता येतात. दोघांनी चौथा वर्ग घेतला, तर ज्याचा त्याचा कर ज्याच्या त्याच्या पगारावर कापला जातो. एकाने तिसरा आणि दुसऱ्याने पाचवा घेतला, तर दोघांच्याही वाट्याची करमाफीची मूळ मर्यादा, जी यंदा माणशी १२,३४८ युरो आहे, ती सगळी तिसऱ्या वर्गातल्या माणसाच्या पगाराला लागते, आणि पाचव्यातल्या माणसाला जणू ती माफीच नाही, अशा हिशोबाने त्याचा कर कापतात. वर्षअखेर दोघांचे मिळून विवरणपत्र भरले की एकूण कर तेवढाच ठरतो. मात्र दरमहा कोणाच्या हातात किती पडते, ते पार बदलते. छकुली झाल्यावर हिने कामाचे तास कमी केले, तेव्हा एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी तिसरा वर्ग घेतला आणि हिला पाचवा दिला, कारण महिन्याची एकत्रित बेरीज थोडी जास्त येत होती. हिचा पगार कागदावर २,६०० युरो असूनही हातात दीड हजारच्या थोडेसेच वर पडू लागले. त्यातून किराणा, छकुलीच्या पाळणाघराची फी आणि कपडेलत्ते ती पाहत असे. भाडे, वीज आणि विमे माझ्याकडे होते. महिनाअखेर हिच्या खात्यात काही उरत नसे आणि माझ्या खात्यात उरे. त्या उरलेल्यातून मी गावी पाठवीत असे, आणि मनातून थोडा ताठही होतो की, घर चालवून वर गावाकडेही मी पाहतो.

आपल्या सामाईक विहिरीचे उदाहरण घ्या. चुलत्यांची पाळी चार दिवसांची, आपली चार दिवसांची. समजा, त्यांच्या चार दिवसांचे पाणीही आपणच आपल्या सरीत वळविले, आणि मग बांधावर उभे राहून "आमचा ऊस बघा, तुमची ज्वारी वाळली" असे त्यांना म्हणालो, तर गावात कोणी आपल्याला शहाणे म्हणेल काय? मी नेमके तेच करीत होतो, आणि तेही न कळता. मी "माझे" म्हणून पाठविलेल्या चारशे युरोंत हिच्या पाळीचे पाणी होते. शिवाय येथे बेकारीच्या काळातला किंवा बाळंतपणानंतरचा भत्ता हातात पडणाऱ्या पगारावरून ठरतो, म्हणजे कागदावरचे ते नुकसान पुढेही हिच्याच वाट्याला आले असते. १ जानेवारीपासून आम्ही दोघेही चौथ्या वर्गात आहोत. आकडेमोड पाहता माझे चारशेच्या आसपास कमी होतील आणि हिचे साडेतीनशेच्या आसपास वाढतील. एकत्रित बेरजेत दरमहा काही युरोंची तूट आहे; ती विवरणपत्रानंतर भरून निघेल.

नवी रीत अशी ठरली आहे. दोघांचे पगार आणि छकुलीसाठी सरकारकडून येणारे २५९ युरो एकाच सामाईक खात्यात जमा होतात. घरखर्च तेथून होतो. दोघांना प्रत्येकी दोनशे युरो हातखर्चाला मिळतात आणि त्यांचे काय केले, हे कोणी कोणाला विचारायचे नाही. दीडशे पुरेत, असे माझे म्हणणे होते, पण हिने माझ्या चहा-कॉफीची वर्षभराची बेरीज मांडून दाखविली आणि मी गप्प बसलो. दरमहा चारशे युरो निराळ्या खात्यात जातात, ज्यातून विमानाची तिकिटे, गाडीचा विमा आणि घरमालकाची ती डिसेंबरची बाकी असे वर्षातून एकदाच येणारे खर्च भागवायचे आहेत. बारीकसारीक खर्चांनीही वहीत जागा धरली आहे. घरात टीव्ही नसला तरी येथे प्रत्येक घराला दरमहा १८.३६ युरो प्रसारणाची वर्गणी द्यावी लागते, आणि ते लिहिताना मला दर वेळी तितकाच राग येतो.

दोन्ही घरांना आता दरमहा प्रत्येकी अडीचशे युरो जातील. यावर आमच्यात दोन रविवार वाद झाला, हे मी लपवीत नाही. माझे म्हणणे असे की, यंदा आपल्या घरची गरज मोठी आहे, सेलूच्या दुकानाला पावसाने काही झालेले नाही, तर सारखे कशाला? हिचे म्हणणे असे की, गरज कमी-जास्त होते, पण दरमहाची रक्कम गरजेवर ठरवायला लागलो, तर दर महिन्याला कोणाच्या घरचे दुखणे मोठे, याची तुलना करीत बसावे लागेल. म्हणून दरमहाचे सारखे, आणि त्याशिवाय दीडशे युरो आडीअडचणीसाठी वेगळे. ते दोन्ही घरांचे आहेत. ज्याच्यावर वेळ येईल त्याला मिळतील, फक्त दोघांनी बसून, वहीत लिहून. ऑक्टोबरसारखा प्रसंग पुन्हा आला, तर पैसे थांबणार नाहीत, एवढे आपण निश्चिंत असावे.

हा हिशोब करताना आपल्या घराची मला वारंवार आठवण झाली. आपण वर्ष मोजीत होता ते सोयाबीनच्या विक्रीच्या पट्टीवर, आणि आई मोजीत होती ती दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर. पट्टीतून पीककर्ज, दुकानाची उधारी, लग्नकार्य. दुधातून तेल-मीठ, आमच्या वह्या, पाहुणेरावळे. दोन्ही हिशोब चोख होते, परंतु ते एका कागदावर आलेले मी कधी पाहिले नाहीत. माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी दुधातून गेली होती, हे आपल्याला कधी कळले, हे मला माहीत नाही. मला ते याच डिसेंबरात आईने हिला सांगितले म्हणून कळले. ही म्हणते की, वार्षिक खर्चाचे खाते ही कल्पना आपल्यापासून घेतली आहे आणि आठवड्याचा किराणा हा आईपासून. माझ्यापासून काय घेतले, असे मी विचारले, तेव्हा तिने वही मिटली.

आता काही कामाच्या गोष्टी. औशाच्या बँकेतले माझे जुने बचत खाते, ज्याचे एटीएम कार्ड आपल्याकडे आहे, ते मी परदेशी राहू लागल्यापासून नियमाप्रमाणे तसे चालू ठेवता येत नाही. ते अनिवासी खाते, म्हणजे ज्याला एनआरओ म्हणतात, ते करून घ्यावे लागते. सात वर्षे हे मी टाळले, ही चूक माझीच. मे महिन्यात येईन तेव्हा ते काम करू. तोपर्यंत ते कार्ड वापरू नये आणि त्यातील सोळा हजार तसेच राहू द्यावेत. पैसे यापुढे थेट आपल्या स्वतःच्या खात्यावर येतील. मुलाने आईवडिलांना दिलेल्या रकमेवर आपल्याला कर लागत नाही, तेव्हा कोणी काही सांगितले तरी घाबरू नये.

पीककर्ज मुदतीत फेडले, तर आपल्याकडे तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही; म्हणून बँकेत मुदतीची तारीख विचारून ती मला कळवावी. कमी पडत असेल, तर आडीअडचणीच्या पैशांतून पहिले काम तेच करावे, हे हिनेच सुचविले आहे. १९ मार्चच्या पाडव्याला सालगड्याचे किती ठरते, आणि खरिपाला बियाणे-खताचा अंदाज काय, हेही आपण, दादा आणि आई यांनी एकत्र बसून एका कागदावर लिहून पाठवावे. कागदाचा फोटो वहिनीने पाठविला तरी चालेल. दादाला माझा निरोप असा की, यापुढे पैशाचा फोन रात्री एकट्या मला करू नये. रविवारी सकाळी करावा, तेव्हा आम्ही दोघेही टेबलाशी असतो.

येळवशीच्या सणाचे फोटो पाहिले. भज्जी आणि अंबिलाचा वास काही फोटोतून येत नाही. हिने येथे बाजरीचे उंडे करून पाहिले, ते छकुलीने चेंडू समजून खेळायला घेतले. हरभऱ्याला घाटे धरले का, आणि नव्या मोटारीला पाणी किती तास टिकते, ते कळवावे. आईच्या गुडघ्याचे औषध संपत आले असेल. ते दरमहाच्या रकमेत धरलेले नाही, वेगळे सांगावे. दादा, वहिनी यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सूनबाईचा आपणा दोघांस नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. — पत्र वाचून झाल्यावर हिने एक दुरुस्ती सांगितली आहे : चहा-कॉफीची ती बेरीज वर्षाची नसून आठ महिन्यांची होती.