अठरा पॉइंट दोनचं दुधाळ पाणी

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग

विषय : प्रयोगशाळेच्या अतिशुद्ध पाण्याच्या मशीनबद्दल चौथी तक्रार (आधीच्या तिन्ही तुमच्याकडे 'निवारण झाले' म्हणून बंद)

महोदय,

आज दुपारी तुमच्या सीनियर सपोर्टशी मी एकवीस मिनिटं फोनवर होते. त्यातली चौदा होल्डवरची सनई ऐकण्यात गेली. उरलेल्या सातांत मला कळलं की दोष तुमच्या मशीनमध्ये नाही, माझ्या कडुनिंबात आहे. म्हणून आता लेखी.

मॉडेल, सिरियल नंबर आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) पावती प्रत्येक कॉलला सांगितली आहे. ती तुमच्या सिस्टिमवर नसेल तर तीही तक्रार यातच धरा.

जूनमध्ये तुमचा इंजिनिअर मेंटेनन्सला आला, कार्ट्रिज आणि शेवटचा फिल्टर बदलून गेला. त्या दिवसापासून डिस्प्लेवर १८.२ मेगाओहम-सेंमी दिसतंय. पाणी विजेला किती अडवतं त्याचं हे माप, क्षार जितके कमी तितका आकडा मोठा. २५ अंश सेल्सिअसला त्याच्या वर शुद्ध पाणी जाऊच शकत नाही, म्हणजे आकडा उत्तम. कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण करायचे आणि ते कर्करोगाच्या पेशींवर तपासायचे, हे माझं काम. त्यासाठी त्याच पाण्यात मी सिल्व्हर नायट्रेट विरघळवते, १०० मिलीला १७ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलीमोलर. द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं. ते ताकाच्या निवळीसारखं दिसतं.

ही क्लोराइडची खूण आहे, हे बारावीच्या प्रॅक्टिकलला बसलेला कुणीही सांगेल. तरी मी तीन टेस्ट ट्यूब लावल्या. एकीत आमच्या जुन्या काचेच्या डिस्टिलेशनचं पाणी, दुसरीत तुमच्या मशीनचं, तिसरीत नगरपालिकेचं. तिन्हींत तेवढेच थेंब सिल्व्हर नायट्रेट. पहिली स्वच्छ, दुसरी धुरकट, तिसरी पांढरीफेक. दुसरीत विरळ नायट्रिक आम्ल घातलं तरी धुरकटपणा गेला नाही. अमोनिया घातल्यावर गेला. उरलेली ट्यूब खिडकीत ठेवली, ती संध्याकाळपर्यंत करडी-जांभळी झाली. सिल्व्हर क्लोराइड याहून वेगळं काय करतं, ते तुमच्याकडे कुणाला माहीत असेल तर कळवावं. या तिन्ही ट्यूबमध्ये पान नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खरं तर कोडं एवढंच आहे की इतकं क्लोराइड असलेलं पाणी १८.२ दाखवूच शकत नाही. लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोराइड असलं तरी आकडा एकच्याही खाली घसरतो. म्हणजे एक तर सेन्सर खोटं बोलतोय, नाहीतर भेसळ सेन्सरच्या पुढे होतेय. तुमचा सेन्सर शेवटच्या फिल्टरच्या आणि नळाच्या आधी बसवलेला आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. जूनमध्ये नेमकं त्याच भागात हात घातला गेला. मागचा बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून आरओचं पाणी थेट नळाला येतंय का, एवढं तपासायला मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "मॅडम, डिस्प्ले ओके आहे."

दुसऱ्या भेटीत आलेल्या मुलाने खिशातून टीडीएसचा, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार ढोबळ मोजायचा, पेन काढला. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत बुडवतात तो. बीकरमध्ये बुडवून म्हणाला, "शून्य. पिण्यासाठी एक नंबर." तुमच्याच ब्रोशरमध्ये पान दोनवर 'हे पाणी पिण्यासाठी नाही' असं ठळक छापलेलं आहे.

आता आजचा फोन. तिकीट क्लोज करताना तुमचा माणूस चार शब्दांत काय नोंदवेल याची मला कल्पना आहे, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

"मॅडम, तुम्ही पाण्यात पाला टाकता ना?"

"टाकते. पण टेस्ट ट्यूबमध्ये पाला नव्हता."

"पाल्यात क्षार असतात."

"असतात. ट्यूबमध्ये पाला नव्हता."

"मग हात धुतले होते का? घामात मीठ असतं."

"ग्लोव्हज होते. आणि त्याच हातांनी केलेली पहिली ट्यूब स्वच्छ आहे."

इथे सनई. परत आल्यावर आवाज एकदम समजूतदार.

"कसंय मॅडम, काढाच करायचा तर एवढं हायफाय पाणी लागत नाही. आमची आई तुळशीचा काढा नळाच्या पाण्यात करते."

"तुमच्या आईच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट नसतं."

मागे कुणीतरी हसलं. मग हा म्हणाला, "आणि पानांनी कॅन्सर खरंच बरा होत असता, तर एव्हाना टीव्हीवर आलं असतं ना."

मी फोन ठेवला नाही. 'बायपास व्हॉल्व्ह' हे दोन शब्द लिहून घ्या म्हणाले. त्याने 'व्हॉल्व्ह'चं स्पेलिंग विचारलं.

पानांनी कॅन्सर बरा होतो असं मी कुठेच म्हटलेलं नाही, उलट तसं म्हणणाऱ्यांचा मला तुमच्यापेक्षा जास्त त्रास होतो. कडुनिंबाची पानं उकळून अर्क काढायचा, त्यातली पॉलिफेनॉल्स चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, चांदीचे नॅनोकण बनतात आणि अर्कातलेच इतर रेणू त्यांच्यावर आवरण धरतात. विषारी रसायनं न वापरता कण करायची ही एक रीत आहे, बस. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कडुनिंबाच्या अर्कातून सोन्याचांदीचे कण केले, तो शोधनिबंध २००४चा आहे. तेव्हा ते टीव्हीवर आलं की नाही, माहीत नाही.

तुमच्या पाण्याने काय झालं ते ऐका. एरवी फिकट पिवळा अर्क घातला की द्रावण तासाभरात चहासारखं तपकिरी होतं आणि स्पेक्ट्रममध्ये ४३० नॅनोमीटरच्या आसपास नीट शिखर येतं, म्हणजे कण बनले. जूनपासून शिखराच्या जागी टेकाड येतंय, दर बॅचला वेगळं, आणि दुसऱ्या दिवशी क्युव्हेटच्या (स्पेक्ट्रम मोजायच्या छोट्या पारदर्शक नळीच्या) तळाशी राखाडी गाळ. आधी मी माझीच पद्धत तपासत बसले. पानं बदलली, झाड बदललं. पाण्यावर संशय आलाच नाही, कारण डिस्प्लेवर १८.२ होतं.

त्यातल्या दोन बॅच पेशींवर गेल्या. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या एमसीएफ-७, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. ४८ तासांनी एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी चाचणी) केली, ५७० नॅनोमीटरला मोजलं, पेशी मेलेल्या. छान मेलेल्या. पण कशाने? कणांनी, की कण न बनता उरलेल्या सुट्या आयनांनी? तेही मारतातच. ताटलीत पेशी मरणं म्हणजे औषध सापडणं नव्हे, साबणाच्या पाण्यानेही त्या मरतात. माझ्या कामात 'कशाने' यालाच किंमत आहे, आणि तेच मला सांगता येत नाही. पेशींच्या माध्यमात मीठ असतंच की, असं तुमच्यापैकी कुणी म्हणायच्या आत सांगते : असतं, पण तिथे जाईपर्यंत कणांनी आवरण घेतलेलं असतं. इथे कण जन्मायच्या आधीच मीठ भेटतंय.

दोन महिन्यांचा डेटा बाद झाला. फेलोशिपचे दोन महिने तुमच्या एएमसीत धरत नाहीत, मला कल्पना आहे.

सगळ्यात वाईट वाटतं ते आमच्या सरांचं. निम्म्या किमतीचं कोटेशन बाजूला सारून त्यांनी खरेदी समितीत तुमच्या नावासाठी भांडण केलं होतं. "यांची सर्व्हिस चांगली आहे" हे त्यांचं वाक्य मिनिट्समध्ये आहे. सध्या ते कोपऱ्यातल्या, एम-सील लावलेल्या काचेच्या डिस्टिलेशनसमोर स्टूल टाकून बसतात, कारण हीटर चालू असताना कुणीतरी राखण करावी लागते. त्याचं पाणी स्वच्छ आहे. त्याला डिस्प्ले नाही.

सात दिवसांत ज्याला मशीन उघडता येतं असा माणूस पाठवा. बायपास आणि नळापर्यंतची लाइन माझ्यासमोर तपासली जावी, सेन्सरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मिळावं आणि जूनपासूनची एएमसी परत मिळावी. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन, ग्राहक आयोगात जाईन आणि पुढच्या निविदेच्या वेळी तिन्ही ट्यूबचे फोटो खरेदी समितीसमोर ठेवीन. धमकी द्यायची नव्हती. सनईने झालं.

एक ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून ठेवली आहे. तिच्यात पान नाही. गुरुवारी येऊ नये, आमच्याकडे लाइट नसते. टीडीएसचा पेन घरी ठेवून यावं.

आपली ग्राहक,
संशोधक विद्यार्थिनी, रसायनशास्त्र विभाग